रवळनाथाची रायफल

सळई नळीत सरकत गेली आणि चार बोटं उरली असताना थांबली.

मी ती बाहेर काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तिथंच. मग नळीच्या तोंडाशी सळईवर खडूची खूण केली आणि सळई रायफलीला बाहेरून लावून पाहिली. नळी रिकामी असती तर तिचं टोक बोल्टच्या, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या दांड्याच्या, तोंडापर्यंत पोचलं असतं. ते चार बोटं अलीकडेच संपत होतं.

"आण्णा," मी म्हटलं, "ही भरलेली आहे."

आण्णा, म्हणजे माझे वडील, दुकानाच्या दाराशी बाकावर ऊन खात बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, त्यामुळे हातोडी आता माझ्या हातात आणि जीभ त्यांच्या तोंडात, अशी आमची वाटणी झाली होती.

"आसणारच," ते म्हणाले. "सर्जा पलटणीतला गडी. एक झाडली की दुसरी आत. हाताला खोडच आसती तसली. गुरवानं तशीच उचलून देवाम्होरं ठेवली आसंल."

"बत्तीस वर्षं भरलेली?"

"देवाला काय, भरलेली आन् रिकामी सारखीच. तिचं तोंड वाळूत ठेव आन् हात धू. आज न्हाई उघडायची."

मी रायफल वाळूच्या पिंपात तोंडावर उभी केली. तेव्हा बोल्टच्या शेपटाकडे माझं लक्ष गेलं आणि हात जागच्या जागी राहिले. पण ते पुढे सांगते. त्याआधी ही रायफल कोणाची आणि देवळात का गेली ते सांगायला हवं.

आमचं दुकान कोल्हापुरात, पण गाव आजऱ्याकडचं चिरेवाडी. आण्णा तिथले ज्ञानू लोहार. सर्जेराव देसाई त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या रायफली निघाल्या, त्यातल्या दोन आण्णांनी मिळवल्या. लांबलचक लाकूड कापलं, नळी आखूड केली, दस्ता नव्यानं घडवला आणि शिकारीला हलक्या अशा दोन जुळ्या रायफली केल्या. एक स्वतःला, एक सर्जेरावांना. सर्जेरावांकडे लढाईत हाती लागलेली एक दुर्बीण होती, ती आण्णांनी त्यांच्या रायफलीवर बसवून दिली. शिकारीला बंदी नव्हती तेव्हाची ही गोष्ट.

शिमग्याला चिरेवाडीत गावाची पारध निघायची. रवळनाथाला कौल लावून हाकेवाले जनावर उठवायला रानात शिरत, बंदूकवाले जनावराच्या वाटेवर, नाक्यावर बसत. त्या वर्षी ओढ्याकाठी आण्णा आणि सर्जेराव शेजारी शेजारी बसले होते. रानडुक्कर निघालं. दोघांनी एकदमच नेम धरला, एकदमच चाप ओढला. डुक्कर पडलं. आणि त्याच्या मागे, करवंदीच्या जाळीत, बिरू धनगर पडला. हाका घालत तो पुढे आला होता. सर्जेराव ओरडत धावले, "माझी गोळी लागली, माझी." गावानं न्याय केला. डुक्कर ज्ञानूचं, बिरू सर्जेरावांच्या माथी. पाटलानं कागदावर लिहिलं की बिरूला डुकरानं फाडलं, आणि सरकारदरबारी विषय मिटला.

गावात मिटला नाही. पारधीत जी बंदूक माणूस मारते ती रवळनाथाची, असा गावचा रिवाज. तिला कोणी हात लावायचा नाही. गुरवानं फडक्यात धरून ती तिथूनच उचलली, नळीच्या तोंडाला मेण लावलं, बोल्टला हळदीचा दोरा गुंडाळला आणि गाभाऱ्याच्या आढ्याला टांगली. आणि जो मारतो त्यानं पुन्हा हत्यार धरायचं नाही, गावच्या पंगतीत बसायचं नाही. देवळाच्या उंबऱ्याबाहेर पान मांडून बसायचं, आत सगळ्यांचं वाढून झाल्यावर जे येईल ते खायचं.

आण्णा ही गोष्ट गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचे. डुकराचा सुळा चांदीत मढवून त्यांनी भिंतीला लावला होता. "दोन बंदुका, एक आवाज," म्हणायचे. "माझी बसली खांद्यात. त्याची भरकटली." सर्जेरावांशी ते त्या दिवसानंतर बोलले नाहीत. ज्याच्या हातून माणूस गेला त्याच्या घरचं पाणी पिऊ नये, हेही रिवाजातच होतं, आणि आण्णा रिवाजाला पक्के. मी त्याच आठवड्यात जन्मले. सोबती गेला आणि पोरगी आली, असं आई म्हणायची.

आता देऊळ जुनं झालं म्हणून उतरवलं, नवं बांधलं. आढं काढताना रायफल खाली आली. नव्या कमिटीनं म्हटलं, ही ब्याद आता घरी न्या. सर्जेरावांचा मुलगा धैर्यशील साखर कारखान्यात होता. तो एक दिवस ती गोणपाटात गुंडाळून, परवान्याच्या कागदांसकट आमच्या दुकानात घेऊन आला.

"शालनताई, उसात डुकरांनी धुमाकूळ घातलाय," तो म्हणाला. "बाबांचं लायसन माझ्या नावावर होतंय. ही चालती करून द्या."

"तुमच्या बाबांना माहीत आहे का, कोणाच्या दुकानात आणली ते?"

"नाही." त्यानं गोणपाटाची गाठ सोडली. "लहान असताना एकदा मी पंगतीतून उठून त्यांच्या शेजारी बाहेर जाऊन बसलो होतो. मला बकोटीला धरून आत नेलं. आजही त्या उंबऱ्यावरून जाताना माझी मान खाली जाते. आता पुढच्या महिन्यात नव्या देवळाचा कळस चढणार, गावजेवण होणार. म्हटलं बंदूक तरी परत माणसांत येऊ दे. म्हातारा येईल तेव्हा येईल."

मी आण्णांकडे पाहिलं. वाटलं, ते हाकलून देतील. त्यांनी नुसता हात पुढे केला, गंजलेल्या नळीवरून, वाळवीनं खाल्लेल्या दस्त्यावरून बोटं फिरवली.

"रक्ताची बंदूक हाय," ते म्हणाले. "पर काम माझ्या हाताचं हाय. असं गंजलेलं बगवत न्हाई. कर दुरुस्त. माझ्या हातात मातूर देऊ नगं."

आणि आयुष्यभर जे हात मला शिकवत आले, ते त्यांनी धोतराला पुसले.

मी आधी दुर्बीण हातात घेतली. भिंगांवर बुरशीची नक्षी आली होती आणि आतली नेमाची फुली तुटून एका बाजूला लोंबत होती. ही फुली कोळ्याच्या धाग्याची असते. तारेचा आकडा करायचा, परसातला लहानसा कोळी धरून त्याला लोंबू द्यायचं आणि तो खाली येईल तसा धागा आकड्यावर गुंडाळून घ्यायचा. हे मला आण्णांनीच शिकवलं. कोळ्याला घाई केली की धागा जाड पडतो, म्हणून त्याच्या मर्जीनं बसून राहावं लागतं. आमच्या घरात एवढी मर्जी कोणा माणसाची राखली गेली नाही. दोन दिवस गेले, पण फुली अशी बसली की समोरच्या कौलावरचा एकेक शेवाळाचा ठिपका मोजता यावा. दुर्बिणीचं एक असतं. जे दिसतं ते हाताशी आल्यासारखं दिसतं आणि त्याच्या आजूबाजूचं काहीच दिसत नाही.

मग दस्ता, मग नळी. मेण खरवडून काढलं, सळई घातली, आणि ती थांबली.

आता त्या शेपटाचं सांगते. बोल्टच्या मागच्या टोकाला आम्ही घोडाच म्हणतो. काडतूस भरून बोल्ट लावला की घोडा मागे चढून राहतो. चाप ओढला की तो सुटतो, आतली सुई काडतुसावर आपटते, आणि घोडा पुढे येऊन उतरलेला दिसतो. आण्णा म्हणत होते तसं सर्जेरावांनी गोळी झाडून लगेच दुसरं काडतूस भरलं असेल, तर घोडा चढलेला हवा होता.

घोडा उतरलेला होता.

सावकाश हातानंही उतरवता येतो, मी स्वतःला समजावलं. पण माणूस मेलेला, लोक धावलेले, अशा वेळी कोण अंगठ्यानं घोडा सांभाळून उतरवतं? आणि उतरवला नसेल, तर आतलं काडतूस हेच त्या दिवशीचं काडतूस. त्यावर सुई पडली आणि ते उडालंच नाही. सर्जेरावांची गोळी नळीतून निघालीच नाही. मग त्या दिवशी रानात गोळी सुटली ती एकच.

ती आण्णांची.

बाकावर आण्णा एका गिऱ्हाइकाला सुळा दाखवत होते. मला एकदम भीती वाटली, काडतुसाची नव्हे, आण्णांची. ज्या दिवशी त्यांना हे कळेल त्या दिवसाची. मी बोल्टवर तेल आणि रॉकेल सोडलं, वर फडकं टाकलं आणि काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा मुबारक आण्णांना रिक्षातून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. रिक्षा वळली आणि समोरच्या पानपट्टीजवळ उभा असलेला एक उंच म्हातारा रस्ता ओलांडून सरळ दुकानात आला. डोक्याला पटका, पायात वहाणा, खांद्यावर घोंगडं.

"ज्ञानूची लेक न्हवं तू?"

"हो. आपण?"

"सर्जेराव देसाई."

मी उठून उभी राहिले. त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं आणि आण्णांच्या बाकावर न बसता जमिनीवर टेकले.

"पोरानं मला न इचारता आणली," ते म्हणाले. "आणली ती आणली. उघडलीस का?"

"नाही. बोल्ट धरलाय गंजानं. आज उघडेन."

"मग आत्ताच उघड. ज्ञानू यायच्या आत. आतलं काडतूस मला दे, मी चाललो. बाकी रायफल तुमची, काय करायची ती करा."

"भरलेली आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझीच हाय न्हवं."

मी फडकं बाजूला केलं. "काका, घोडा उतरलेला आहे."

त्यांनी रायफलीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "ज्ञानूला बोललीस?"

"नाही."

"शाणी हाईस. उघड आता."

मी रायफल शेगड्यात, म्हणजे बाकाच्या लोखंडी जबड्यात, तिरकी आवळली, नळीचं तोंड वाळूच्या पिंपात खुपसलं. अडचण अशी होती की उतरलेल्या घोड्याची सुई आतल्या काडतुसाला टेकून बसलेली. बोल्टला वरून ठोकलं तर तोच ठोका सुईला लागणार. आधी घोडा अर्धा मागे ओढून अडकवायला हवा होता. आणि बत्तीस वर्षं गंजलेला घोडा ओढताना हातातून निसटला, तर सुई पुन्हा त्याच काडतुसावर पडणार. पहिल्यांदा उडालं नाही म्हणून दुसऱ्यांदा उडणार नाही, असं काडतुसाच्या जातीला कोणी सांगितलेलं नसतं. कच्च्या गंजलेल्या बोल्टमागे माझं तोंड असणार होतं.

"काका, तुम्ही बाहेर उभे राहा."

"हितंच बसतो."

"निदान दस्ता तरी धरा मग."

त्यांनी दोन्ही हात घोंगड्याखाली घेतले. "मला हत्याराला हात लावायचा न्हाई. देवाम्होरं बोललोय."

मी घोड्याला लहान पकड लावली, तिच्याभोवती चामडं गुंडाळलं आणि ओढलं. हलला नाही. तेल सोडलं, पुन्हा ओढलं. केसभर आला. घाम डोळ्यांत उतरला, आणि पुसायला हात मोकळा नव्हता. रस्त्यावर एक रिक्षा थांबल्याचा आवाज आला. सर्जेरावांनी मान वळवली. रिक्षा पुढे गेली. मी दात आवळून ओढत राहिले आणि घोडा कर्रर्र करत मागे आला, पकडीतून सुटल्यासारखा झाला, पुढे झेपावला, आणि अर्ध्या खाचेत खट्कन अडकला. मग मी बोल्टच्या दांडीला लाकडी हातोडीनं खालून हलके टोले देत गेले. दांडी उचलली गेली, बोल्ट मागे सरकला आणि त्याच्या नखात धरलेलं काडतूस हिरवट, कळकट होऊन बाहेर आलं. मी ते तळहातावर घेतलं.

गोळी जागच्या जागी होती. बुडावर मधोमध, मुगाच्या दाण्याएवढा खोल खळगा होता. सुईचा.

मला रडू फुटलं. कोणासाठी ते सांगता येणार नाही. समोर बसलेल्या या माणसासाठी असेल, किंवा भिंतीवरच्या चांदीत मढवलेल्या सुळ्यासाठी.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?" मी विचारलं.

"चाप वढला तर नुसतं टिक झालं. काडतूस सर्द, फुसकं. खांद्याला धक्काच बसला न्हाई, तर कळंल कसं न्हाई? ज्ञानूनं आवाज ऐकला, तेला वाटलं दोन्ही एकदम उडाल्या. माझा डोळा दुर्बिणीलाच हुता. डुक्कर पडलं, आन् ते पडल्यावर तेच्या मागं बिरू दिसला. बसल्यागत खाली गेला. एकच गोळी. लष्करी गोळी ती, डुकरातनं आरपार गेली."

"आणि तुम्ही धावत सुटलात."

"तुझी आई त्या वक्ताला बाळंतीण व्हायची हुती. ज्ञानूच्या माथी बसलं आसतं तर तेला हत्याराला हात लावता आला नसता. लोहार माणूस, बंदुकांवर पोट. मी काय, रानात नांगर धरला. तेला कुठं बंदी न्हाई." ते उठले, हात पुढे केला. "आण ते हिकडं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. ज्ञानू म्हातारा झालाय. तेला सुखानं मरू दे."

"आणि तुम्ही? पुढच्या महिन्यात पुन्हा उंबऱ्याबाहेर?"

"मला आता आत बसाया जमायचं न्हाई."

मी काडतूस दिलं नाही. नाही दिलं म्हणजे ठरवून नाही दिलं, अजून काही ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात मुबारकचा आवाज आला, "सांभाळून, पायरी आहे," आणि आण्णा दारात उभे राहिले. उजेडातून सावलीत आल्यावर त्यांना काहीच दिसत नसे. सर्जेराव कोपऱ्यात सरकले.

"सोमवारी बोलावलंय," आण्णा म्हणाले. "उजव्या डोळ्याचं आधी करणार म्हणतोय." मग त्यांनी नाक वर केलं. "रॉकेल मारलंयस. निघालं का काडतूस?"

"निघालं."

"बगू. काडतुसाला हात लावायला काय हरकत न्हाई. रक्त बंदुकीला लागलंय."

हात पुढे आला. माझ्या समोरच्या खणात जुनी, न वापरलेली काडतुसं पडली होती. त्यातलं एक उचलून दिलं असतं तर झालं असतं. कोपऱ्यातून सर्जेराव माझ्याकडे बघत मान हलवत होते. त्यांना काय हवंय ते मला कळत होतं. पण आयुष्यभर त्या हातानं माझा हात धरून मला कानस शिकवली होती. आण्णांना मी दहा गोष्टींत फसवलं असेल, लोखंडात नाही.

मी खरं काडतूस त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते बोटांत फिरवलं. गोळी चाचपली, कड चाचपली. मग अंगठा बुडावर गेला, खळग्यात बसला आणि तिथंच राहिला. बराच वेळ राहिला.

"ह्याच्यावर सुई पडलीया," ते म्हणाले.

मी पकड बाजूला ठेवली.

"म्हंजे हे उडालंच न्हाई." अंगठा पुन्हा खळग्यात. "मग त्या दिवशी... आवाज एकच हुता. मीच सांगतोय न्हवं समद्यांस्नी, एक आवाज." मग त्यांनी कोपऱ्याकडे तोंड वळवलं, दिसत नसताना. घोंगड्याचा वास आला असेल. "सर्जा?"

"हाय."

"बिरू आन् डुक्कर एका रेघंत हुते?"

"एका रेघंत."

आण्णा बाकावर बसले नाहीत, कोसळले म्हणावं असे टेकले. मी पाणी आणायला वळले, तर मला हातानं थांबवलं.

"मला का न्हाई बोललास?"

"बोलून काय बिरू उठला आसता?"

"मी तुझ्या घरचं पाणी पिलो न्हाई," आण्णा म्हणाले. आवाज चढत गेला. "तुझी आई गेली तर मातीला आलो न्हाई. ह्या बाकावर बसून बत्तीस वर्षं तुझा हात कच्चा म्हणून हसलो. आन् तू ऐकत ऱ्हायलास? माझं पाप नेलंस लेका, माझं. नेताना मला इचारलंस?"

"तुला इचारलं आसतं तर दिलं नसतंस."

"न्हाईच दिलं आसतं," आण्णा ओरडले, आणि मग लहान पोरासारखे रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सर्जेराव एक पाऊल पुढे आले, थांबले आणि पटका सावरत रस्त्यावर निघून गेले. काडतूस आण्णांच्या मुठीत होतं.

महिनाभर आण्णा गिऱ्हाइकांशी बोलले नाहीत. सुळा त्यांनी मला काढून ठेवायला सांगितला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी बांधलेली, तरी कळसाच्या दिवशी मला चिरेवाडीला घेऊन चल म्हणाले. एस्टीत अख्खा रस्ता त्यांची मूठ काडतुसावर मिटलेली. मला वाटत होतं, गाव काय म्हणेल, धैर्यशील काय म्हणेल. सगळ्यात जास्त भीती मायाप्पाची वाटत होती. मायाप्पा म्हणजे बिरूचा मुलगा. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. सर्जेरावांनी बिरूच्या बायकोला ओढ्याकाठचं शेत लावून दिलं आणि मायाप्पा त्यांच्याच अंगणात वाढला. आता तिशी ओलांडलेला, अंगानं दांडगा माणूस.

कळस चढला. देवळाच्या मंडपात पानं मांडली गेली. सर्जेराव नेहमीसारखे आपलं पान घेऊन उंबऱ्याबाहेर निघाले होते. आण्णा माझा हात सोडून ओळींच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"गावानं ऐकावं," ते म्हणाले. "बिरू धनगर माझ्या गोळीनं मेला. सर्जाची बंदूक त्या दिवशी उडालीच न्हवती." त्यांनी काडतूस वर धरलं, मग गुरवाच्या हातात दिलं. "बगा, सुई पडल्याली दिसती. ज्यास्नी कळतं त्यांनी बगावं. मला दिसत न्हाई, पर माझ्या बोटाला कळतं."

काडतूस हातोहात फिरलं. गलका झाला, मग थांबला. सरपंच म्हणाले, "आण्णा, झालं गेलं. इतकी वर्षं झाली. पानं वाढायला आल्यात, बसून घ्या आत."

आण्णांनी एक पत्रावळ उचलली आणि चाचपडत उंबऱ्याबाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. मी मागे जाऊ लागले, तर म्हणाले, "तू आत बस. तुझा काय संबंध?"

इकडे चार जणांनी सर्जेरावांना अडवलं होतं. धैर्यशीलनं त्यांचा दंड धरला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं वडिलांना पहिल्या ओळीत, देवाच्या समोर, पाटावर बसवलं. एका म्हातारीनं त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. सर्जेराव पानाकडे बघत बसले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, पान उचललं आणि बाहेर चालू लागले.

"बाबा, आता कशाला?" धैर्यशील म्हणाला. "आता तुमचा काय दोष?"

सर्जेराव उंबऱ्यावर थांबले.

"चाप माझ्याबी बोटानं वढला हुता, पोरा," ते म्हणाले. "तिकडंच नेम हुता. काडतूस सर्द निघालं, एवढंच. त्यात माझी काय पुण्याई?"

आणि ते आण्णांच्या शेजारी जाऊन बसले. आण्णांनी अंग चोरून त्यांना जागा केली.

मायाप्पा भाताची पाटी कमरेवर घेऊन दोन ओळींच्या मधे उभा होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मीही. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. त्यानं आतली ओळ सोडली, उंबरा ओलांडला आणि दोन्ही म्हाताऱ्यांसमोर वाकला. आण्णांनी पान उलटं मांडलं होतं. त्यानं ते सरळ केलं आणि पंगतीचा पहिला भात तिथून वाढायला घेतला.